कॅश मारली म्हणजे आकडा पक्का झाला का?

मांजराकाठ (लातूर)
परवा इथं एकानं ठोकून दिलं: 'स्पार्कमध्ये एका ऑपरेशनचा आकडा दुसऱ्याला द्यायचा तर ग्लोबल व्हेरिएबल ठेवा, नाहीतर कॅश मारा. ब्रॉडकास्ट आणि साइड इनपुट मुलाखतीपुरते.' नवी पोरं हे वाचून तसंच करतात आणि निस्तरायला आमच्याकडं येतात, म्हणून सविस्तर लिहितो. स्पार्क म्हणजे मोठं काम अनेक मशीनवर वाटून डेटा मोजणारी प्रणाली. मुख्य प्रोग्राम तो ड्रायव्हर, वाटून दिलेले तुकडे ते टास्क, ते चालवणारे एक्झिक्युटर. कॅश म्हणजे एकदा मोजलेलं साठवून ठेवणं.

मॅपमधलं (दर ओळीवर चालणारं) फंक्शन एक्झिक्युटरवर जातं तेव्हा व्हेरिएबलची नुसती प्रत सोबत जाते. तिथं काहीही बदला, ड्रायव्हरला पत्ता लागत नाही. लोकल मोडमध्ये (सगळं एकाच मशीनवर) कधी कधी चालल्यासारखं दिसतं, क्लस्टरवर शून्य हातात येतो.

पीकविमा घ्या. मागच्या ७ वर्षांतली चांगली ५ वर्षं, त्यांची सरासरी गुणिले जोखीमस्तर (किती टक्के उत्पन्नाची हमी ते), हे झालं महसूल मंडळाचं, म्हणजे काही गावांच्या गटाचं, उंबरठा उत्पन्न. पुढच्या ऑपरेशनमध्ये यंदाच्या पीक कापणी प्रयोगाचा (निवडलेल्या प्लॉटमधलं पीक कापून मोजलेला) आकडा त्याच्याशी ताडायचा, कमी भरला तर भरपाई. उंबरठ्यांची यादी छोटी आहे. ब्रॉडकास्ट केली की प्रत्येक एक्झिक्युटरला एकदाच जाते, दर टास्कला नाही. बीममध्ये (स्पार्कसारखंच दुसरं साधन) हेच साइड इनपुट, म्हणजे सोबतचा जादा इनपुट, म्हणून डिक्शनरीत द्या.

कॅश फक्त पुन्हा मोजण्याचे कष्ट वाचवते, हमी देत नाही. आरडीडी आणि डेटाफ्रेम हे स्पार्कमधले डेटा ठेवायचे दोन प्रकार. आरडीडीची कॅश मेमरीतच असते, जागा संपली की पार्टिशन (डेटाचा तुकडा) टाकून दिलं जातं. डेटाफ्रेमची डिस्कवर उतरते, पण एक्झिक्युटर मेला की तीही गेली. मग लिनिएजवरून (डेटा कसा तयार झाला त्या पायऱ्यांवरून) सगळं पुन्हा मोजायचं.

पैठणगेट
ते 'एकानं' म्हणजे मी. सरळ मला विचारायचं होतं. छोटं टेबल १० एमबीच्या आत असेल तर स्पार्क आपणहून ब्रॉडकास्ट जॉइन (छोटं टेबल सगळीकडं पाठवून जुळवणी) करतो, हातानं कशाला करायचं? बेरजेला अ‍ॅक्युम्युलेटर (सगळ्या टास्कची बेरीज ड्रायव्हरला देणारा काउंटर) आहे. आणि कॅश पुन्हा मोजली तर मोजू द्या, आकडा तोच येणार ना?

जालनेकरीण
तोच येणार हे कुणी सांगितलं? आमचं वाचन जेडीबीसीनं (डेटाबेसला जोडणारा दुवा) थेट डेटाबेसातून होतं. पहिली फाईल लिहून झाली, मग एक्झिक्युटर पडला. तोवर दोन तालुक्यांचे सुधारित आकडे टेबलात येऊन बसले होते. स्पार्कनं पुन्हा क्वेरी मारली आणि एकाच जॉबच्या दोन फायलींत एकाच मंडळाचे दोन उंबरठे आले. कुठंही एरर नाही. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारलं, खरा कुठला?

अ‍ॅक्युम्युलेटरचंही तेच. अ‍ॅक्शनमध्ये (निकाल मागणारी पायरी) वापरला तर ठीक. ट्रान्सफॉर्मेशनमध्ये (मॅपसारखी मधली पायरी) ठेवला आणि टास्क पुन्हा चालला तर बेरीज दुप्पट होऊ शकते.

जिंतूरचा
तुम्ही आकडा कसा पोचवायचा यावर भांडताय, आकड्यात काय आहे ते कुणी बघत नाही. आमचं गाव डोंगराच्या अंगाला, मुरमाड रान. खाली पूर्णाकाठची गावं काळ्या मातीची. मंडळ एकच. शेंगा भरायच्या टायमाला पावसानं खंड दिला. खाली ओल टिकली, आमचं सोयाबीन उभं वाळलं. प्रयोगाचे बहुतेक प्लॉट खालच्या शिवारात निघाले, मंडळाचं उत्पन्न उंबरठ्याच्या वर गेलं आणि आम्हाला एक रुपया नाही. वडील अजून ती पावती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतात.

नांदेडी
प्लॉट रँडम नंबरनं निघतात, कुणी मुद्दाम पाडत नाही. आणि खरीप २०२५ च्या आधी गारपिटीला ७२ तासांत कळवलं की पंचनामा वेगळा व्हायचा.

जिंतूरचा
मुद्दाम म्हटलं का मी? नीट वाचा. गारपीट नव्हती, खंड होता. खंडाचं नुकसान मंडळावरच मोजतात. तुमचं कालव्याखालचं रान असेल, म्हणून हे सोपं वाटतं.

नांदेडी
आमचं रान कोरडवाहू आहे. माहीत नसताना कुणाच्या रानावर जाऊ नका.

मांजराकाठ
दोघंही थांबा. धागा स्पार्कचा आहे. पण सरासरीचं म्हणाल तर आम्ही लातूरकरांनी ते सोसलंय. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं आणि त्याच वर्षी पावसाळ्यात मांजरा धरण भरलं. वर्षाचा एकच आकडा धरला तर तो उन्हाळा त्यात दिसतच नाही.

जिंतूरचा
तेच म्हणतोय मी! मग जुळवणीची की (key) म्हणून मंडळ कशाला? गाव करा.

मांजराकाठ
गाव ही की केली तरी ब्रॉडकास्ट चालेल. गट नंबर केला तर ओळी लाखांनी वाढतील, मग दोन्ही बाजू शफल करून (मशीनमशीनमध्ये नव्यानं वाटून) जॉइन लावायचा. क्लस्टरला दोन्ही जमतं. अडचण रानात आहे. मंडळाला एका पिकाचे किमान १० प्रयोग लागतात, ग्रामपंचायतीला ४. मंडळात वीस ग्रामपंचायती धरल्या तर ८० झाले. कृषी सहायक आणि तलाठी तेवढे आणायचे कुठून?

जिंतूरचा
माणसं कमी असतील तर भरती करा. त्याची झळ आम्ही काहून सोसायची?

पैठणगेट
जेडीबीसीचं जालनेकरीण ताईंचं पटलं. उंबरठे आधी पार्के (Parquet) फाईलमध्ये लिहीन आणि पुढची दोन्ही ऑपरेशन्स तिथूनच वाचतील. ग्लोबल व्हेरिएबलचं वाक्यही काढतो. पण १० एमबीच्या आतलं ब्रॉडकास्ट स्पार्कवर सोडा, या मतावर मी ठाम आहे.

जालनेकरीण
सोडा, पण एक्सप्लेन (स्पार्क काम कसं करणार त्याचा आराखडा) काढून बघा. स्पार्क जो साइज धरतो तो अंदाज असतो. कितीतरी फिल्टर आणि जॉइननंतर तो फुगलेला असतो, टेबल छोटं असूनही ब्रॉडकास्ट होत नाही. तिथं ब्रॉडकास्ट कर अशी हिंट हातानंच द्यावी लागते.