अल्झायमर असलेल्या माणसाचं पोर्ट्रेट, समोर बसवून करावं का?

कुंचला_नाशिक: नमस्कार मंडळी. मी हौशी पोर्ट्रेटवाली, बहुतेक ऑइलमध्ये करते. मोठ्या आत्याला अल्झायमर आहे, आता मधली स्टेज म्हणतात डॉक्टर. तिचं पोर्ट्रेट करायचं फार मनात आहे, फोटोवरून नाही, समोर बसवून. पण ती एका जागी बसतच नाही हो, जरा बसली की उठून "मला घरी जायचंय" सुरू, आणि आहे ती स्वतःच्याच घरात. आतेभाऊ म्हणतो जुन्या फोटोवरून छान काढ ना, आई आता अशी दिसते ते कशाला रंगवतेस. त्याचं पटतंही आणि नाहीही. कुणी केलंय का असं? आणि पुढेमागे प्रदर्शनात लावलं तर चालेल?

रंगपेटी: एका डे-केअरमध्ये मी बरीच स्केचेस केलीत म्हणून सांगतो. ऑइल तिच्यासमोर नकोच, रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनच्या वासाने माणूस आणखी बावरतं. करडा कागद आणि चारकोल घेऊन बसा. वेळ सकाळची, नाश्ता झाल्यावर. दिवस कलला की यांची घालमेल वाढते, सनडाउनिंग म्हणतात त्याला, तेव्हा सिटिंगचा हट्ट धरू नका. आणि पोज वगैरे विसरा, हातात काम द्या. एक आजी होत्या, नातवाचं नाव आठवायचं नाही पण समोर कापूस ठेवला की बोटाला थेंबभर दूध लावून तळहातावर वात वळायच्या, एकसारखी, आणि तेवढा वेळ कपाळावरची आठी जायची. हातांच्या सवयी बऱ्याच उशिरापर्यंत टिकतात. वात संपली की मान परत त्याच कोनात यायची, मला तेवढं पुरायचं. पाच-सहा कागदांवरून नंतर घरी ऑइल करा.

लेकीचीमाय: चित्रकलेतलं मला ओ की ठो कळत नाही पण आईला सांभाळते. काढून झालेलं चित्र लगेच तिच्यासमोर धरून "ओळख बरं कोण" असलं काही करू नका प्लीज. माझी आई लग्नातल्या फोटोवर बोट ठेवून "ही मी" म्हणते आणि आरशात बघून विचारते ती बाई कोण आलीय. बेसिनवरचा आरसा झाकून ठेवलाय आम्ही. आणि घरी जायचंय म्हणाली तर हेच तुझं घर म्हणून वाद घालू नका ताई, घरी कोण कोण आहे विचारा, अंगणात काय आहे विचारा, मग बसून बोलत राहते.

पाटीपेन्सिल: प्रदर्शनाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. विल्यम युटरमोलेन म्हणून अमेरिकन चित्रकार लंडनमध्ये राहायचा, 1995 मध्ये त्याचं अल्झायमरचं निदान झालं आणि त्यानंतर काही वर्षं तो स्वतःचेच चेहरे काढत राहिला, 2001 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातही त्या चित्रांवर लेख आला होता. आता नेटवर ती ओळीने लावून बघा कसा ढासळत गेला म्हणून फिरवतात, ते मला अजिबात आवडत नाही, एकेक चित्र म्हणून बघा की, रंग काय ताकदीचा आहे! पण मुद्दा हा की स्वतःला रंगवायचं त्याने स्वतः ठरवलं होतं. आत्या काय ठरवणार? प्रदर्शनात लावायला ती आज हो म्हणेल, उद्या तिच्या लक्षातही नसेल. म्हणून भिंतीवर लावायचं ते मुलाला विचारूनच, आणि खाली आजाराचं नाव टाकू नका, तिचं नाव टाका. बसायलाही दर वेळी नव्याने विचारायचं, तिने तोंड फिरवलं की कागद मिटायचा.

रंगपेटी: @पाटीपेन्सिल सहमत. फक्त जुन्या फोटोवरून काढणं म्हणजे तिचा मान राखणं, हे मला पटत नाही. आज जी बाई समोर आहे तिच्याकडे नीट बघायला कुणाला वेळ नसतो, औषधं दिली का, आंघोळ झाली का, एवढंच बघतात.

कुंचला_नाशिक: सगळ्यांचे आभार. आतेभावाला हा धागा वाचायला दिला, म्हणाला प्रदर्शनाचं आत्ता काढू नकोस, बाकी सिटिंगला मी शेजारी बसणार आणि आई वैतागली तर थांबायचं. चालेल मला. आत्या वाती नाही वळत पण पालेभाजी अजून निवडते, देठ वेगळे पानं वेगळी, तर मेथीची जुडी घेऊन जाते. रंगपेटी दादा, करडा कागद किती जीएसएमचा, म्हणजे किती जाड घेऊ? इथल्या दुकानात पातळच मिळतो.

रंगपेटी: 160 च्या आसपासचा बघा. गुळगुळीत नको, चारकोल धरत नाही.