डीप व्हील नाही तर ट्रायथलॉन नाही? असं कुठं असते का भाऊ!

फुटाळा_फेरी
परवा वॅटवाला भाऊंनी ग्रुपवर टाकलेलं जसंच्या तसं देतो (आकडे चाकाच्या रिमच्या खोलीचे, मिमीत; हवा कापायला खोल रिमचं चाक म्हणजे डीप व्हील): "पुढे ६०, मागे ८०. याच्या खाली काही लावून येणार असाल तर ट्रायथलॉन करतो म्हणू नका, पिकनिकला आलो म्हणा." खाली अंगठ्यांची रांग. त्यातले निम्मे पोरं पहिल्या गोव्याच्या ट्रायथलॉनच्या (पोहणं, ९० किमी सायकल, मग पळणं) तयारीत आहेत, अजून तलावात शंभर मीटर सरळ पोहता येत नाही, अन् व्हीलचे ईएमआय विचारून राहिले. दोन दिवस गप्प बसलो, पण डोक्यातून जाईना.

पहिली गोष्ट, हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते. समजा तुमच्या व्हीलनं ४० च्या स्पीडला १० वॅट वाचवले, तर ३० ला वाचले ४ अन् वर चिल्लर. आपल्या ग्रुपात एकट्यानं, कोणाच्या मागे न लपता, ९० किमी ४० नं काढणारे किती आहेत? मी तर नाही.

दुसरी, हवा अडवतं कोण? चाक नाही, आपण. माणूस अन् सायकल मिळून जेवढी हवा अडते त्यातला पाऊण हिस्सा आपल्या खांद्यांचा, डोक्याचा अन् पोटाचा. १९८९ चं टूर दि फ्रान्स आठवा. शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस, २४.५ किमीची टाइम ट्रायल, एकेकट्यानं घड्याळाशी शर्यत. फ्रान्सच्या फिन्योंच्या सायकलला पुढेही डिस्क, म्हणजे पूर्ण भरीव चाक, मागेही डिस्क. अमेरिकेच्या लेमाँडला फक्त मागे, पण हँडलवर ट्रायवाले एरोबार (वाकून कोपरं टेकवायचे दांडे) अन् डोक्यावर एरो हेल्मेट. फिन्यों उघड्या डोक्यानं, शेंडी उडवत. ५० सेकंद पुढे होता, टूर गेलं ८ सेकंदांनी. दोन-दोन डिस्क घेऊन.

म्हणून म्हणतो, आधी सायकलची अंगाप्रमाणे फिटिंग करा, एरोबारवर तीन तास मान न मोडता पडून राहता येते का पहा, अंगाला बसणारा ट्रायसूट घ्या, टायर चांगले टाका, चेन धुवा. एवढं करून पैसे उरले तर व्हील. अन् तेही पुढचं ४०-५० च्या वर नाही.

तिसरी गोष्ट स्वतःवर बेतलेली. डिसेंबरात हौसेनं उसने ६०/८० लावून निघालो. नागपूरबाहेर बुटीबोरीच्या पुढे मागचं पंक्चर. माझ्याकडे ट्यूब होती, पण हवा भरायचा वॉल्व ४८ मिमीचा, ८० च्या रिममधून बाहेर नाकही काढेना. वॉल्व लांब करायचं एक्स्टेंडर ज्याच्या बॅगेत, तो पाच किमी पुढे निघून गेला होता. पंक्चरवाल्या दादानं चाक फिरवून फिरवून पाहिलं अन् म्हणाला, "भाऊ, याले तं तोंडच नाही." शेवटी कापसाच्या गाडीवर बसून घरी आलो.

वॅटवाला
अर्धं गणित सांगून लोकांना भडकवायचं, हे बरं जमते तुम्हाला. उरलेलं अर्धं मी सांगतो. ४० वाला ९० किमी सव्वादोन तासात संपवते, ३० वाला तीन तास रस्त्यावर असते. तुमचेच १० अन् ४ वॅट धरून बसून काढलं: ४० वाल्याचे वाचतात पावणेदोन मिनिटं, ३० वाल्याचे दोनच्या वर. म्हणजे हळू चालवणाऱ्याचे मिनिटं जास्त वाचले. अन् तुमचा स्पीड जेवढा कमी तेवढा बाजूचा वारा जास्त तिरपा लागते, डीप रिम तिरप्या वाऱ्यातच शिडासारखं काम करते. म्हणजे हे सगळं तुमच्यासारख्यांसाठीच आहे, माझ्यासाठी नाही!

अन् एरोबार नको, ट्रायसूट नको असं मी कुठं म्हटलं? फिन्योंला व्हीलनं नाही, शेंडीनं हरवलं.

ऑरेंज_गियर
तुमी दोघं वॅट मोजून राहिले, मले फक्त सांगा हे ८० चं व्हील घेऊन जायचं कोन्या रस्त्यानं? घरातून निघालं का सिमेंट रोड. दर चार-पाच मीटरवर जॉइंट, टकटक टकटक, कंबर हलते. जिथं दोन पट्टे जुळते तिथं मधात उभी फट, २५ मिमीचा टायर तिच्यात अस्सा बसते जसा ट्रामचा रूळ. मी पडलो आहो तिथं, कोपर पाहायचं असन तर या. ज्यानं सिमेंट रोड काढले त्याले एकडाव टायरात १०० पीएसआय हवा भरून वाडीपर्यंत पाठवा. अन् जो एक रस्ता खरंच गुळगुळीत आहे, समृद्धी, तिथं सायकललेच एन्ट्री नाही. ७०१ किमी नुसतं दुरून पाहायचं.

सेमिनरी_चढ
रस्त्याचं नंतर. माझं वजन ५२ किलो आहे आणि या विषयावर लिहिणाऱ्यातला कुणीच ७० च्या खाली दिसत नाही.

मी पुढे ६० लावून जामठ्याकडून येत होते, एरोबारवर. बाजूनं ट्रेलर गेला. आधी त्यानं आत ओढलं आणि तो पुढे निघाल्याबरोबर वाऱ्याचा असा थपडा आला की पुढचं चाक एक फूट डावीकडे. हात एरोबारवर, ब्रेक लांब. रस्त्याखाली गेले, पडले नाही, पण त्यानंतर त्या राइडला मी एकदाही एरो पोझिशनमध्ये गेले नाही. म्हणजे व्हीलनं वाचवलेले ४ वॅट मी भीतीनं सरळ बसून तिप्पट घालवले. हे गणित कोण करणार?

मागचं डीप असलं तर फार बिघडत नाही, त्यावर वजन असतं आणि त्याला हँडल नसतं. पुढचं चाक स्टिअरिंगला जोडलेलं आहे, वारा सरळ तुमच्या हातात येतो. हवाईत कोनाला, आयर्नमॅन ट्रायथलॉनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला, वर्षानुवर्षं मागची डिस्कसुद्धा वाऱ्यामुळे चालू दिली नाही, ते लोक काही पिकनिकला येत नव्हते.

वॅटवाला
ताई, तुमच्यासाठी ५० ठीक आहे, मान्य. पोस्टमध्ये वजनाचं लिहायला पाहिजे होतं.

पण फुटाळा भाऊ, "एक्स्टेंडर ज्याच्या बॅगेत, तो पुढे निघून गेला" असं नाव न घेता लिहायची काय गरज? तो मीच. आता पूर्ण सांगा. आदल्या रात्री ग्रुपवर टाकलं होतं का नाही, सामान ज्याचं त्यानं आणायचं, ३२ च्या स्पीडखाली जो मागे पडला त्याच्यासाठी ग्रुप थांबणार नाही? उसने व्हील लावायचे, वॉल्व किती लांब लागते ते पाहायचं नाही, अन् नंतर व्हीललाही शिव्या, माणसालाही शिव्या.

फुटाळा_फेरी
टाकलं होतं. रात्री पावणेबाराला. मी साडेनऊला झोपतो, सकाळी चारला उठून राइड असते म्हणून. अन् नियम बाजूला ठेवा, मी हात वर करून ओरडलो, शेवटून दुसऱ्यानं मागे वळून पाहिलं. तुम्ही माझ्या पुढे तिसरे होते, हे मला पक्कं आठवते.

तर्री_पंचेचाळीस
शेवटून दुसरा मी होतो. मला वाटलं तू लघवीला थांबला बे.

ऑरेंज_गियर
🤣🤣 चाळीस मिन्टं?

तर्री_पंचेचाळीस
मला काय माहीत. पुढे वर्धा रोडला पोह्याच्या ठेल्यावर थांबलो ना आम्ही, वाट पाहिली. दोन प्लेट झाल्या.

फुटाळा_फेरी
वा. मी तिथं चाकाचं तोंड शोधून राहिलो अन् तुम्ही तर्री मारून राहिले. ही आपली नो-ड्रॉप, कोणाला मागे न सोडणारी राइड. अन् फोन? एकानं तरी लावला?

वॅटवाला
फोन तुमचा बंद होता. स्ट्रावा ॲप चालू ठेवून बॅटरी संपवता. अन् नो-ड्रॉप ती रविवारची, ही गुरुवारची होती. गुरुवार ट्रेनिंग असते. रेसमध्ये कोणी थांबते का तुमच्यासाठी? तिथं तर पुढच्या सायकलच्या १२ मीटरच्या आत मागे बसले तर पेनल्टी मिळते.

सेमिनरी_चढ
रेस आणि बुटीबोरी यात फरक आहे हो. मागच्या वर्षी काटोल रोडला माझी चेन तुटली तेव्हाही "ट्रेनिंग आहे" म्हणूनच गेले होते सगळे. तेव्हा मी बोलले नाही. बाईमाणूस एकटी पहाटे साडेपाचला हायवेवर उभी आहे, एवढं तरी? तेव्हापासून मी गुरुवारी येत नाही, हे कुणाच्या लक्षात तरी आलं का?

तर्री_पंचेचाळीस
ताई, खरं सांगतो, मला वाटलं तुम्हाला ऑफिस आहे गुरुवारी.

कोथरूडकर_आता_नागपुरी
मूळ विषयाकडे येऊ का? ऑरेंज गियर म्हणताहेत ते रडगाणं वाटतं, पण मुद्दा तोच आहे. जॉइंटच्या रस्त्याला २८ चा टायर हवा, कमी हवा भरून. आता तुमच्या रिमची बाहेरची रुंदी टायरच्या निदान १०५ टक्के असायला हवी, म्हणजे २८ ला साडेएकोणतीस मिमी. त्याखाली गेलात की टायर रिमच्या बाहेर फुगतो, वारा टायरवरून सुटला की रिमला परत चिकटत नाही, मग ती ६० खोल असो नाहीतर ८०. सेकंडहँड फिरताहेत ते जुने रिम ब्रेकवाले, म्हणजे रिमलाच ब्रेक घासणारे, बहुतेक २५-२६ चे आहेत. त्यावर २८ चढवून "एरो" म्हणणं म्हणजे शेरवानीवर रेनकोट.

आणि नवीन रुंद घ्याल तर बरेच हुकलेस आहेत, म्हणजे टायर धरायला रिमच्या कडेला हुक नाही. त्यात ५ बार, म्हणजे ७२-७३ पीएसआयच्या वर भरायचं नाही, आणि टायर हुकलेसला चालणाराच हवा. नव्वद किलोचा माणूस जुन्या सवयीनं १०० भरणार असेल तर त्यानं तो बॉक्स उघडूच नये.

ऑरेंज_गियर
रडगाणं? पुण्याहून येऊन दोन वर्ष नाही झाले अन् आमच्या रस्त्याले रडगाणं म्हणते. तुमच्या पुण्यात तं गड्डा चुकवता चुकवताच एफटीपी, तासभर टिकणारी ताकद, वाढते.

कोथरूडकर_आता_नागपुरी
मी तुमच्या बाजूनं बोलत होतो.

ऑरेंज_गियर
मंग तसं लिवाचं ना बावा.

रिटायर_काका
पोरांनो, दोन गोष्टी. माझ्याकडे रिम ब्रेकचे चायनावाले कार्बन क्लिंचर, म्हणजे साध्या ट्यूब-टायरचे चाक, होते, ५० चे, स्वस्तात मिळाले म्हणून. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना घाबरून ब्रेक धरून ठेवला. कार्बन गरमी सोडत नाही अल्युमिनियमसारखी. खाली येईपर्यंत ब्रेक ट्रॅकवर, म्हणजे रिमवर ब्रेक घासतो त्या पट्ट्यावर, फोड आला, टायर ढिला, जळका वास. आता डिस्क ब्रेकमुळे तो प्रश्न गेला, पण जुने रिम ब्रेकवाले विकून राहिले त्यांच्याकडून घेताना ब्रेक ट्रॅकवर बोट फिरवून पाहा, उंचवटा लागला तर हात जोडून घरी या.

दुसरं, आपल्याच गावचे डॉ. अमित समर्थ, २०१७ ला रॅम, म्हणजे रेस अक्रॉस अमेरिका, एकट्यानं पूर्ण केली, अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती काय चाकानं झाली का?

तर्री_पंचेचाळीस
काका, चाकाशिवाय झाली का मग?

रिटायर_काका
तुझ्या बापाला ओळखतो मी.

वॅटवाला
काकांचा ब्रेकचा मुद्दा शंभर टक्के, नोटिंग. बाकी रॅम अन् ९० किमीची तुलना करू नका.

अन् एक तुमच्या फायद्याचं मीच सांगतो, नाहीतर म्हणाल लपवलं. ४५ डिग्रीला हवा १५ डिग्रीपेक्षा साधारण ९ टक्के विरळ असते. म्हणजे मे महिन्यात नागपुरात काही न घेता हवेचा विरोध ९ टक्के कमी. व्हीलपेक्षा जास्तच. करा मग मेमध्ये दुपारी रेस.

फुटाळा_फेरी
४५ ला वॅट वाचवायला माणूस वाचला पाहिजे. अन् ट्यूबलेस टायरात पंक्चर बुजवायला भरतात ते सीलंट मेमध्ये महिनाभरात वाळून रबराची गोळी होते, ते लिहा त्या ९ टक्क्यांच्या खाली.

बरं, तुमचं दोन मिनिटांचं गणित मी रात्री परत केलं. बरोबर आहे. हळू माणसाचे मिनिटं खरंच जास्त वाचतात, मी वॅटवरच अडून बसलो होतो. पण दोन मिनिटाला दीड लाख, म्हणजे मिनिटाला पाऊण लाख. मी टी-वनमध्ये, म्हणजे पोहून सायकलवर बसायच्या मधात, पोहायचा रबरी वेटसूट काढायला चार मिनिटं घेतो, तिथं फुकटात वाचतील.

वॅटवाला
गोव्याला वेटसूट घालायला देत नाहीत, पाणी गरम असते. तेवढं तरी माहीत करून घ्या.

फुटाळा_फेरी
घ्या. म्हणजे ते चार मिनिटं आधीच वाचले. आता तर व्हील मुळीच नको.

कोथरूडकर_आता_नागपुरी
रोड रेसवाल्यांसाठी एक: यूसीआयनं, म्हणजे जागतिक सायकलिंग संघटनेनं, २०२६ पासून मास स्टार्टमध्ये (सगळे एकत्र सुटतात त्या रेसमध्ये) रिमची उंची ६५ मिमीवर बांधली आहे. ट्रायथलॉनला तो नियम नाही, पण दोन्ही करणाऱ्यांनी ८० घेताना विचार करावा.

वॅटवाला
पोस्ट एडिट केली आहे. आता असं: "पुढे ४० ते ६०, वजन अन् वारा पाहून. मागे जमेल तेवढं." पिकनिकवाली ओळ ठेवली आहे, ती गंमत होती, ज्याला झोंबली त्याचा नाइलाज. बुटीबोरीचं म्हणाल तर मी वळून पाहिलं नाही, ते पाहायला पाहिजे होतं. काटोल रोडचं मला माहीतच नव्हतं ताई, मी त्या दिवशी होतो का तेही आठवत नाही.

सेमिनरी_चढ
होता. निळी जर्सी.

वॅटवाला
बरं.

तर्री_पंचेचाळीस
रविवारी पाचला झिरो माईल, मग मनसरपर्यंत जाऊन परत. शेवटी मी राहतो, कोणी थांबलं तर मी थांबतो, लघवी असो का पंक्चर. ८० वाले येणार असतील तर एक्स्टेंडर अन् चुडीला गुंडाळायची टेफ्लॉन टेप कोण आणते ते आत्ता लिहा, रात्री पावणेबाराला नको.

ऑरेंज_गियर
टेप माझ्याकडं आहे, नळाची उरलेली. पोहे कोन सांगन?