शाळेतल्या नामवंत खेळाडूंचा फलक: नावं कशी पडताळायची, ओळी कशा लिहायच्या?

कृष्णाकाठ_शाळा
कराडजवळच्या आमच्या हायस्कूलच्या सभागृहात दोन फलक लावायचे आहेत. एक शाळेतून शिकून गेलेल्या खेळाडूंचा, दुसरा सातारा-सांगलीच्या नामवंतांचा. दुसऱ्याच्या कच्च्या मजकुरातल्या तीन ओळी अशा:
"खाशाबा जाधव, भारताचे पहिले ऑलिंपिक पदकविजेते"
"ललिता बाबर, रिओच्या अंतिम फेरीत राष्ट्रीय विक्रम"
"प्रवीण जाधव, टोकियो ऑलिंपिक २०२१"
पहिल्या फलकासाठी गावातून १५ नावं आलीत. त्यातले काही जण इथे शिकलेच नसावेत असं वाटतं. काळा ग्रॅनाइट, ६ × ४ फूट ठरला आहे. दगडावर एकदा कोरलं की खोडता येत नाही, म्हणून आधी विचारतोय.

माणदेशी_ट्रॅक
सर, तिन्ही ओळी बदला.

खाशाबांच्या ओळीत दोन शब्द राहिलेत: "स्वतंत्र" आणि "वैयक्तिक". १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमधली नॉर्मन प्रिचर्ड यांची दोन रौप्यं भारताच्या खात्यावर धरली जातात, आणि हॉकीची सुवर्णं तर १९२८ पासून आहेत. बरोबर ओळ: "खाशाबा दादासाहेब जाधव, गोळेश्वर. हेलसिंकी १९५२, फ्रीस्टाइल कुस्ती, बँटमवेट (५७ किलो), कांस्य. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक." त्याखाली "लंडन १९४८, फ्लायवेट, सहावे" हेही घ्याच. मातीतला पैलवान लंडनला गादीवर खेळला, तिथे गुणांवरही निकाल लागतो, आणि चार वर्षांत वरच्या वजनगटात जाऊन त्यानं पदक आणलं. नुसतं कांस्य लिहिलं तर हा प्रवास मुलांना दिसणार नाही. खाशाबा कराडच्या टिळक हायस्कूलचे. तुमची शाळा ती नसेल तर त्यांचं नाव दुसऱ्या फलकावरच शोभेल.

ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोहीच्या. ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी. रिओ २०१६ मध्ये ९:१९.७६ ही विक्रमी वेळ प्राथमिक फेरीतली आहे. अंतिम फेरीत ९:२२.७४, दहावा क्रमांक. शिवाय २०२३ मध्ये पारुल चौधरीनं तो विक्रम मोडला, म्हणून "तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम" लिहा. कधीच जुनी न होणारी ओळ हवी असेल तर "आशियाई अजिंक्यपद २०१५, सुवर्ण" घ्या.

प्रवीण जाधव, सरडे, ता. फलटण. स्पर्धा २०२१ मध्ये झाली तरी तिचं अधिकृत नाव "टोकियो २०२०" हेच आहे. प्रकार लिहा: तिरंदाजी, रिकर्व्ह (टोकं बाहेर वळलेलं धनुष्य). जागतिक स्पर्धा २०१९ चं सांघिक रौप्य विसरू नका. साताऱ्याची अदिती स्वामी मात्र कंपाउंडची (टोकांना कप्प्या असलेलं धनुष्य). बर्लिन २०२३, वैयक्तिक जगज्जेतेपद, तेही वयाच्या १७ व्या वर्षी. दोघांना नुसतं "तिरंदाजी" लिहिलंत तर धनुष्यातला फरक पुसला जाईल.

सांगलीकडे अपंग खेळाडूंना डावलू नका. पेठचे मुरलीकांत पेटकर, हायडेलबर्ग पॅरालिंपिक १९७२, ५० मीटर फ्रीस्टाइल पोहणे, सुवर्ण. करगणीचा सचिन खिलारी, पॅरिस पॅरालिंपिक २०२४, गोळाफेक, १६.३२ मीटर, रौप्य. सचिनच्या ओळीत एफ ४६ (हाताचं अपंगत्व) हा गट लिहिलाच पाहिजे, त्याशिवाय त्या अंतराला अर्थ नाही. या दोघांशिवाय सांगलीचाच संकेत सरगर, बर्मिंगहॅम राष्ट्रकुल २०२२, वेटलिफ्टिंग ५५ किलो, एकूण २४८ किलो, रौप्य. सुवर्ण एका किलोनं हुकलं.

"जन्मगाव" असा रकाना ठेवू नका. स्मृती मानधनाचा जन्म मुंबईचा, ती वाढली आणि शिकली सांगलीत. नुसतं "गाव" पुरे.

दप्तर_१९६०
पहिल्या फलकाला एकच आधार धरा: शाळेचं जनरल रजिस्टर, म्हणजे मुलं दाखल झाल्याच्या आणि सोडून गेल्याच्या नोंदींची वही. गावातली आठवण, स्नेहसंमेलनाचा फोटो, पेपरातलं कात्रण हे फक्त शोध कुठून सुरू करायचा ते सांगतात. प्रत्येक नावासमोर रजिस्टर क्रमांक, दाखल तारीख आणि इयत्ता, सोडल्याची तारीख आणि इयत्ता, शेरा, एवढं उतरवून घ्या. मग मुख्याध्यापकांची सही.

चुका इथे होतात. जाधव, पाटील, माने या आडनावांत तेच नाव आणि तेच वडिलांचं नाव असलेले दोघे सहज निघतात. जन्मतारीख आणि आधीची शाळा जुळवल्याशिवाय नाव पक्कं करू नका. मुलींची नोंद माहेरच्या नावानं असते, सासरच्या नावानं शोधलंत तर मिळणार नाही. आणि जुनी मॅट्रिक अकरावीला होती. दहावीची बोर्ड परीक्षा १९७५ पासून, त्यामुळे त्याआधीची "अकरावी" हायस्कूलचीच, ज्युनिअर कॉलेजची नव्हे.

अक्षरशिल्प
१८ मिमी जाडीच्या ६ × ४ ग्रॅनाइटचं वजन ११५ ते १२० किलो भरतं. चार इंची भिंतीवर नुसत्या स्क्रूंनी टांगू नका. खाली लोखंडी अँगलचा आधार हवा आणि भिंत नऊ इंची हवी.

२५ फुटांवरून वाचायचं तर मात्रा-उकार सोडून अक्षर १ इंच हवं. म्हणजे ओळीला सव्वादोन इंच. शीर्षक आणि कडा वगळून १६ ओळी बसतात. खेळाडूला दोन ओळी धरल्या तर ८ जण. १५ नावं मावतच नाहीत! अखंड दगडाऐवजी प्रत्येकाची वेगळी पट्टी करा. नवं नाव आलं की पट्टी वाढवायची, चूक निघाली तर तेवढीच बदलायची.

खरा घोळ फाँटमध्ये होतो. मोबाइलवर टाइप केलेला मजकूर कारागिराच्या जुन्या फाँटमध्ये गेला की रफार सरकतो, "स्पर्धा"चं "स्पधार्" होतं. ऱ्या, ऑ आणि जोडाक्षरं हीही तपासा. कोरण्याआधी खऱ्या मापाची कागदी प्रिंट भिंतीवर चिकटवून दोघांनी वेगवेगळी वाचावी, एकानं शेवटच्या ओळीपासून वर. सही झाल्यावरच अक्षरांचं कर्व्हमध्ये (फाँटवर अवलंबून नसलेल्या रेषांच्या चित्रात) रूपांतर करायला सांगा.

कृष्णाकाठ_शाळा
मनापासून आभार. एक शंका उरली. सातवीनंतर दाखला काढून क्रीडा प्रबोधिनीत (सरकारी निवासी क्रीडा प्रशिक्षण केंद्रात) गेलेला मुलगा आमचा धरायचा का?

दप्तर_१९६०
धरा सर, पण नावापुढे "इयत्ता ५ वी ते ७ वी" लिहा. प्रबोधिनीचं नावही त्याच ओळीत येऊ द्या. पुढची तयारी त्यांनी करून घेतली आहे.