लेक मीड सहल: पाणी कोणत्या गाडीतून न्यायचे?

सहल समितीकडून, सर्व सभासदांस:
बैठकीत ठरल्याप्रमाणे अमेरिकेतील नेवाडाच्या वाळवंटातल्या लेक मीड तलावाच्या सहलीला सर्वांचे पाणी मोठ्या व्हॅनमधून जाणार होते. परंतु तंबू, शेगड्या आणि बर्फाच्या पेट्या ठेवल्यावर तिच्यात जागाच उरत नाही, असे व्हॅनवाल्या काकांनी कळवले आहे. राष्ट्रीय उद्यान सेवा वाळवंटात माणशी दररोज किमान एक गॅलन, म्हणजे सुमारे पावणेचार लिटर पाणी जवळ ठेवण्यास सांगते. तेव्हा पाण्याचे काय करायचे, हे आजच ठरवावे.

खजिनदार:
बोल्डर बीचच्या कॅम्पग्राउंडवर पिण्याच्या पाण्याचे नळ असताना मंडळाने बाटल्यांवर खर्च का करावा, हे मला समजलेले नाही. हिशेब शेवटी मलाच द्यावा लागतो.

एक सभासद:
खजिनदारसाहेब, नळ मुक्कामी आहेत आणि गाडी बंद पडते ती वाटेत. वाटेतले बेकर गाव सोडल्यावर रस्ता सुमारे २८० मीटर उंचीवरून माउंटन पास या घाटापर्यंत १,४०० मीटरच्या वर चढतो; त्या चढावर इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करण्याचे फलक उगीच लावलेले नाहीत. तिथे आमची गाडी थांबली आणि पाण्याची व्हॅन तासभर पुढे गेलेली असली, तर त्या पाण्याचा आम्हांला काय उपयोग? प्रत्येक कुटुंबाने आपले पाणी आपल्याच गाडीत ठेवावे.

ज्येष्ठ सभासद:
मे महिन्याच्या अखेरीस मुलांना गाडीत बसवून एसी बंद करा म्हणणे सोपे आहे. त्यापेक्षा पहाटे लवकर निघून ऊन चढण्यापूर्वी घाट ओलांडावा, हे मी बैठकीतही सांगितले होते, परंतु इतिवृत्तात त्याची नोंद दिसत नाही. इंजिन तापलेच तर ते पूर्ण निवेपर्यंत रेडिएटरचे झाकण कोणीही उघडू नये. वाफ उसळून हात भाजलेले मी पाहिले आहेत.

भोजन समिती:
बर्फाच्या पेट्या आमच्याकडे आहेत, याचा येथे सर्वांनाच विसर पडलेला दिसतो. प्रत्येक कुटुंबाने निम्म्या बाटल्या घरीच गोठवून आणल्यास त्या आधी बर्फाचे काम करतील आणि वितळल्यावर प्यायला येतील. मग व्हॅनमधील एक पेटी आपोआप कमी होते. स्वयंपाकाला नळाचे पाणी वापरू. भांडी घासलेले पाणी मात्र तलावात जाता कामा नये, त्यामुळे ते साठवायला मोठे टब लागतील. ते कोण आणणार, हे कृपया याच पत्राच्या उत्तरात कळवावे.