🚩 वाडा परिवार 🚩 : धाकट्या काकूंच्या डोक्यावर अंडं

शुक्रवार, रात्री ९:४०

आत्या सांगली: सोनालीने आत्ता स्टेटसला व्हिडिओ टाकलाय तो कोणी बघितला का? धाकट्या वहिनीच्या डोक्यावर एका पोराने अंडं फोडलं. अंडं!! वहिनी माळकरी आहे हे तिकडे अमेरिकेत कोणाला सांगितलं नव्हतं का?

चिनू: बघितला 😂 काकू हसतायत पण.

आत्या सांगली: धक्क्याने माणूस हसतं. राजू, उत्तर दे.

थोरले काका: सर्वांस नमस्कार. मंगळवारी ज्योतिबाची यात्रा सुखरूप पार पडली. गुलाल, दवणा, नारळ, टेम्पो व जेवणावळ यांचा हिशोब वर टाकला आहे. तीन घरांचे येणे बाकी आहे. कृपया लक्ष द्यावे.

बंटी: काका, आधी अंडं.

सोनालीवहिनी: आत्या, खरं अंडं नाही हो. म्हणजे टरफल खरं, आत रंगीत कागदाचे बारीक तुकडे. कास्कारोन म्हणतात. इथे टेक्सासात, सॅन अँटोनिओच्या गावउत्सवात, म्हणजे फिएस्टात, डोक्यावर फोडायचीच रीत आहे, शुभ मानतात. आमच्या शेजारच्या मेक्सिकन आजी कितीतरी महिने टरफलं साठवतात. टोकाला भोक पाडून आतलं काढायचं, धुवायचं, वाळवायचं, रंगवायचं, कागद भरून वरून पातळ कागद चिकटवायचा.

आत्या सांगली: टरफल कोंबडीचंच ना पण?

चिनू: शाम्पूतही अंडं असतं आत्या.

आत्या सांगली: माझ्या रिठ्यात नसतं.

भाऊजी मुंबई: 🌹🌹 शुभ रात्री 🌹🌹 नाती फुलांसारखी असतात, जपली तरच दरवळतात 🌹🌹

बंटी: भाऊजी, आज फुलांचाच विषय आहे, योगायोगाने बरोबर बसलं.

राजूदादा: आत्या, आत्ता मिरवणुकीतच बसलोय, रेंज जातेय येतेय. आई एकदम मजेत. आज इथे 'बॅटल ऑफ फ्लॉवर्स', म्हणजे फुलांच्या लढाईची मिरवणूक. शाळांना सुट्टी आहे, अख्खं गाव रस्त्याकडेला खुर्च्या टाकून बसलंय.

थोरले काका: यात्रेच्या दिवशी व्हिडिओ कॉल करणार होतास. काठी उभी राहिली, आम्ही फोन हातात धरून उभे. तू उचलला नाहीस.

राजूदादा: काका, तेव्हा इथे मध्यरात्र होती.

थोरले काका: आम्ही तुझ्या मुलाच्या बारशाला पहाटे साडेतीनला उठून बसलो होतो. असो.

थोरल्या काकू: असो म्हटल्यावर असो. राजू, वहिनींना टोपी दिलीस का? ऊन असेल.

धाकट्या काकू: मी टीख आहे. अंड रिकाम होत. कागद अजून केसातून निगतायत. माळ पदराखाली होती.

धाकट्या काकू: मग मी यांच्या डोक्यावर दोन फोडली. लग्नापासूनच साचल होत.

चिनू: काकू 🔥🔥🔥 नाद खुळा!

आत्या सांगली: 🙄

बंटी: राजूदादा, एक शंका. तिथल्या अलामो किल्ल्यात मेक्सिकोविरुद्ध लढणारे तर सगळे मारले गेले ना? हरलेल्या लढाईचा उत्सव कसला?

राजूदादा: अलामो पडला ६ मार्च १८३६ ला. २१ एप्रिलला सान हासिंतोला मेक्सिकोच्या सांता आनाचा पराभव झाला, टेक्सास वेगळं झालं. उत्सव त्या एप्रिलच्या दिवसाचा. १८९१ साली इथल्या बायकांनी ठरवलं की अलामोसमोर घोडागाड्या फुलांनी सजवायच्या, निम्म्या इकडून, निम्म्या तिकडून, आणि एकमेकांवर फुलं फेकायची. राष्ट्राध्यक्ष हॅरिसन येणार होते म्हणून थाट केला. नेमका त्या दिवशी पाऊस. ते निघून गेले आणि मिरवणूक नंतर निघाली.

थोरले काका: प्रमुख पाहुणा गेल्यावर कार्यक्रम. आपल्या जिल्हा परिषदेसारखं.

बंटी: पण टेक्सास होतं मेक्सिकोचं. मेक्सिकोने १८२९ ला गुलामगिरी बंद केली, ह्यांनी वेगळं होऊन राज्यघटनेतच ती ठेवली. ही बाजू मिरवणुकीत दिसते का?

राजूदादा: दिसत नाही फारशी. पण आज या गावात निम्म्याहून जास्त लोक मेक्सिकन मुळाचे आहेत आणि फिएस्टाचा जीव तेच आहेत. अंडी त्यांची, बँड त्यांचे, खाणं त्यांचं. तुझा मुद्दा बरोबर आहे, पण शेजारच्या आजींसमोर काढू नकोस, त्या तुलाच अंडं मारतील.

बंटी: म्हणजे इतिहासाचं काय ते अंड्यावर सोडायचं.

आत्या सांगली: बंटी, तुझ्या परीक्षेचं काय झालं ते पण सांग कधीतरी ग्रुपवर.

बंटी: हा संदेश डिलीट केला गेला

चिनू: मी वाचला 😌

सोनालीवहिनी: बंटी, सोमवारी अलामोवर एक शांत कार्यक्रमही असतो. मिरवणुकीने फुलं घेऊन जातात आणि मेलेल्यांची नावं वाचून दाखवतात. आई तिथे सर्वात जास्त वेळ उभ्या होत्या.

धाकट्या काकू: नाव वाचतात ते आवडल. आपल्याकड वाचत नाहीत.

चिनू: वहिनी, ते पिवळ्या ड्रेसमधल्या बायका कोण? सगळीकडे त्याच दिसतायत.

सोनालीवहिनी: त्याच मिरवणूक चालवतात! १८९१ पासून बायकांचीच संस्था आहे ही. सगळ्या स्वयंसेवक. रथ कुठे थांबणार, बँड कधी सुटणार, सगळं त्याच ठरवतात.

थोरले काका: आपल्याकडेही जेवणावळ पूर्णपणे बायकाच सांभाळतात.

चिनू: काका 🙏

थोरल्या काकू: चिनू, लिहू दे त्यांना. उद्या उपास आहे त्यांचा.

थोरले काका: माझा कसला उपास?

थोरल्या काकू: कळेल.

धाकटे काका: नमस्कार मंडळी. माझे बिल्ले बघा. 📷

बंटी: धाकटे काका 😱 हे किती? मानकरी कमी आणि सुभेदार जास्त दिसताय.

धाकटे काका: इथे प्रत्येकाचा स्वतःचा बिल्ला असतो. अग्निशमन दल, शाळा, दवाखाने, वकील, अगदी पाळीव कुत्र्यांच्या नावाचेही. विकत मिळतात पण खरी गंमत अदलाबदलीत. मी किल्लीची छोटी कोल्हापुरी चप्पल दिली आणि अग्निशमन दलाचा घेतला. समोरचा माणूस म्हणाला अजून आहेत का.

थोरले काका: ती किचेन मी तुला निघताना दिली होती.

धाकटे काका: दादा, अरे तुझ्यामुळे कोल्हापूर तिकडच्या फायरवाल्याच्या खिशात पोचलं.

थोरले काका: चांगलं आहे. वर्गणीही अशीच इकडे पोचली तर बरं होईल. यात्रेचा हिशोब वर टाकला आहे. तीन घरांचे येणे बाकी आहे. कृपया लक्ष द्यावे.

राजूदादा: काका, तुम्हाला आवडेल असं सांगतो. इथे दोन राजे असतात. एक किंग अँटोनिओ, तो बड्या लोकांच्या मंडळाचा. दुसरा रे फेओ, म्हणजे कुरूप राजा, लोकांचा. १९४७ पासूनची रीत. गरीब पोरांच्या शिष्यवृत्तीसाठी जो सर्वात जास्त पैसे जमा करेल तो राजा.

चिनू: मग आपल्याकडे थोरले काका बिनविरोध 👑

बंटी: दिसण्याचा निकष पण आहे का?

थोरल्या काकू: 😂😂😂

थोरले काका: जमा झाले असते तर राजा. सध्या मी वसुली कारकून आहे.

आत्या सांगली: मी माझे दिले आहेत, सर्वांनी नोंद घ्यावी. जीपे केलं त्याच दिवशी.

भाऊजी मुंबई: आमचेही गेले आहेत बहुतेक. 🌹

थोरले काका: जावईबापू, 'बहुतेक' या बँकेत अजून जमा दिसत नाही.

सोनालीवहिनी: अहो आत्या, हे बघा. 📹 रथावर त्या राण्या उभ्या आहेत ना, त्यांचे झगे रत्नांनी मढवलेले असतात, मागचा शेव इतका जड की एकटीला ओढवत नाही. आणि लोक ओरडतात 'बूट दाखवा!' मग ती झगा वर करते आणि खाली चक्क खेळायचे बूट.

आत्या सांगली: शी! रस्त्यात?

धाकट्या काकू: मी पण ओरडले. चप्पल दाखव चप्पल दाखव. तिने दाखवली.

आत्या सांगली: वहिनी तुम्ही परत या आता.

चिनू: आत्या, पुढच्या पाडव्याला शोभायात्रेत तुम्ही नऊवारीत बुलेटवर. मी ओरडणार, बूट दाखवा.

आत्या सांगली: माझ्या पायाला भेगा आहेत.

शनिवार, सकाळी ७:१५

भाऊजी मुंबई: 🌸🌸 सुप्रभात 🌸🌸

राजूदादा: 📷📷📷 शुभ सकाळ सगळ्यांना. इथे रात्र आहे. आज चार रात्रींच्या 'नायोसा'ची, म्हणजे फिएस्टातल्या खाण्या-गाण्याच्या जत्रेची, शेवटची रात्र, तिथून आत्ताच आलो. ला व्हिलिटा म्हणून नदीकाठची जुनी वस्ती आहे, छोटी छोटी दगडमातीची घरं. तिथे गल्लीगल्लीत खाणं आणि बँड. गर्दी अशी की महाद्वार रोड आठवला. बाबांनी मक्याची कणसं खाल्ली, आईसाठी बिनमांसाचं शोधायला मात्र अर्धा तास गेला.

आत्या सांगली: अर्ध्या तासात काय सापडलं?

राजूदादा: कणीसच.

राजूदादा: आणि काका, यात तुमच्या आवडीची गोष्ट म्हणजे यातून जे पैसे येतात ते गावातली जुनी घरं टिकवायला जातात. १९२४ साली काही बायकांनी संस्था काढली. जुन्या बाजाराची इमारत रस्त्यासाठी पाडणार होते. त्यांनी नगरपालिकेच्या सभासदांसमोर कळसूत्री बाहुल्यांचा खेळ केला. सोन्याची अंडी देणारी हंसी, आणि श्री. व सौ. सॅन अँटोनिओ तिला मारायचं की नाही यावर भांडतायत.

चिनू: परत अंडं 😂

बंटी: मग वाचली इमारत?

राजूदादा: नाही, ती पाडलीच. पण संस्था राहिली. मिशन सान होसे ही स्पॅनिश काळातली चर्चची वस्ती, तिथलं जुनं धान्याचं कोठार त्यांनी विकत घेऊन वाचवलं. आज इथली अशी मिशन्स जागतिक वारशात आहेत, २०१५ पासून.

थोरले काका: छान.

थोरले काका: फार छान.

थोरले काका: राजू, एक विचारतो, राग मानू नकोस. तिकडची कौलं टिकवण्यासाठी तू पैसे देऊन कणीस खातोस. इकडे तुझ्या आजोबांच्या वाड्याच्या माडीवर पावसाळ्यात आम्ही चार पातेली मांडतो. ती पातेली रात्री दोनदा ओतायला कोण उठतं?

थोरल्या काकू: मी.

चिनू: 🫢

राजूदादा: काका, मी गेल्या वर्षी पण पैसे विचारले होते. तुम्हीच म्हणालात, बघू.

थोरले काका: मी 'बघू' म्हणालो म्हणजे तू दोनदा विचारायला हवं होतंस.

धाकटे काका: दादा, मी आल्यावर बोलू. ग्रुपवर नको.

थोरले काका: ग्रुपवर अंडी फुटली तेव्हा चाललं. कौलं फुटली की ग्रुपवर नको.

भाऊजी मुंबई: माफ करा, मध्येच बोलतो. एका ओळखीच्या बिल्डरला मी फोटो दाखवले होते. जागा मोक्याची आहे. खाली दुकानं, वर तीन मजले, प्रत्येकाला फ्लॅट, शिवाय पार्किंग. विचार व्हावा. 🌸

थोरले काका: जावईबापू, आपण या घरचे पाहुणे आहात, आपला मान मोठा आहे. तो तसाच राहू द्यावा.

आत्या सांगली: दादा, माझ्या जावयाला असं बोलायचं काम नाही. वाड्यात माझाही हिस्सा आहे, कायद्याने.

थोरले काका: पातेल्यांतही आहे. येऊन घेऊन जा.

बंटी: आपल्याला तातडीने एका बाहुल्यांच्या खेळाची गरज आहे.

चिनू: श्री. व सौ. वाडा. मी हंसी होते.

धाकट्या काकू: थोरले भाउजी, मी त्या घरात बघितल लिंपलेल्या भिंती आहेत. आपल्या माजघरासारख्याच. त्यांनी आतून दिवे लावलेत. वरच छप्पर नव आहे पण जुन दिसत. तुमि असता तर हात लाऊन बघितला असता.

थोरले काका: छप्पर कसलं आहे? लाकूड कोणतं वापरलंय?

धाकट्या काकू: ते विचारायच राहिल. गर्दी होती.

राजूदादा: मी विचारतो काका. उद्या परत जाईन, दिवसा. दिवाळीला याच भागात आपल्या लोकांचा मोठा कार्यक्रम होतो, नदीत दिवे सोडतात, त्यामुळे तिथे काम करणारे दोघंतिघं ओळखीचे आहेत.

थोरले काका: फोटो जवळून काढ. वासे आणि भिंत जिथे मिळतात तिथला. तुझ्या आईच्या केसांचे नकोत.

सोनालीवहिनी: 👍

आत्या सांगली: वहिनी, केस धुतले का?

धाकट्या काकू: धुतले. अजून एक हिरवा निघाला.

धाकटे काका: दादा, तुझ्यासाठी त्या संस्थेचा बिल्ला घेऊन ठेवलाय. बदल्यात काही नको.

थोरले काका: बिल्ला ठीक. यात्रेचा हिशोब वर टाकला आहे. तीन घरांचे येणे बाकी आहे.

राजूदादा: आमच्या दोन्ही घरांचे आत्ता पाठवले. आणि काका, आता दुसऱ्यांदा विचारतो. माडीच्या छपराचा गवंड्याकडून अंदाज घ्या आणि मला पाठवा.

थोरले काका: अंदाज मार्चमध्येच ग्रुपवर टाकला होता. वर बघणे.

बंटी: वर फक्त भाऊजींची फुलं दिसतायत, संपतच नाहीत.

भाऊजी मुंबई: 🌷