मुंकचा ‘एरोइका’ म्हणजे शहिदांची टिंगल?

खवचट_काका: काल एकाने ठोकून दिलं: ‘पोलिश युद्धपट म्हणजे दिग्दर्शक वायदाचा ‘कानाऊ’. दिग्दर्शक मुंकच्या एरोइकात (१९५८) शहिदांची टिंगल आहे, लोक विसरले ते बरंच.’ मालक, दोन्हींची पटकथा स्तावीन्स्कीचीच. तो स्वतः १९४४ च्या जर्मनांविरुद्धच्या वॉर्सा उठावात लढला, गटारांतून निघाला. टिंगलीचा हक्क त्याला नाही तर कुणाला? एरोइकाच्या पहिल्या भागाचा नायक जिजूश काळाबाजारवाला, पळपुटा. मागून रणगाडा येतोय आणि हा बाटली तोंडाला लावून निवांत! हसता हसता पोटात गोळा येतो. आणि शेवटी उठावात परत जातो तो हाच.

सह्यकडा: पाहिलाय, म्हणूनच लिहिलं. उठावाच्या ६३ दिवसांत दीड-दोन लाख माणसं मेली. माझे आजोबा मराठा पलटणीतून इटलीत लढले, युद्धाचा विषय निघाला की जेवणावरून उठायचे. विनोद कसला सुचतो?

खवचट_काका: आजोबांना नमस्कार, पण मुद्दा? दुसरा भाग बघा, पोलिश युद्धकैद्यांच्या छावणीचा. झाविस्तोव्स्की पळून गेला या समजुतीवर अख्खी बराक जगतेय आणि गडी तिथेच माळ्यावर लपलेला. ही टिंगल आहे?

रंकाळा: वॉर्सा ठीक, पण आमचं वळिवडे? १९४३ पासून पाचेक हजार पोलिश निर्वासित कोल्हापूरजवळ राहिले, बहुतेक बायका-मुलं. आज जो तो पोलिश मुलांना आसरा देणारे जामनगरचे जामसाहेब आणि त्यांची बालाचडीची छावणी एवढंच करतो. आमची आजी त्या बायकांबद्दल सांगायची. आणि त्यांना घरातून उचलून सायबेरियात टाकलं ते रशियाने. ते दाखवतो का तुमचा मुंक?

सह्यकडा: घ्या! धागा पोलंडहून पंचगंगेला.

रंकाळा: हसा. छावणी कुठे होती ते शेजारच्या गावातल्या पोरांनासुद्धा सांगता येत नाही.

खवचट_काका: रंकाळाराव, १९५८ च्या पोलंडमध्ये सायबेरिया दाखवला असता तर सिनेमा डब्यातच राहिला असता. तरी मुंकने चिमटा काढलाच. पहिल्या भागात जर्मनांच्या बाजूची हंगेरियन तुकडी उठाववाल्यांना तोफा द्यायला तयार, बदल्यात रशियनांकडून अभय हवं. इथे उठाववाल्यांचाच रशियनांशी संपर्क नाही! सौदा फिसकटतो.

रंकाळा: म्हणजे घाबरतच काढला चिमटा.

खवचट_काका: तुम्ही काढला असता सेन्सॉरसमोर, बिनधास्त!

सह्यकडा: दुसरा भाग दमदार आहे, एवढं मान्य. पहिल्यात ती बाटली नसती तर बिघडलं नसतं.

खवचट_काका: केवढे उपकार! बाटली काढली तर उरतं काय?

रंकाळा: वळिवड्यावर वेगळा धागा काढतोय. तिथे जामनगर नको.