प्रतिसाद: खबाद आणि धर्मांतराचा प्रश्न

वर एकांनी विचारलंय, की खबादवाले (हसिदी या भक्तिमार्गी ज्यू पंथाच्या लुबाविच शाखेचे लोक) रस्त्यात लोकांना गाठतात म्हणजे हे धर्मांतरच नाही का? नाही. ते आधी विचारतात, "तुम्ही ज्यू आहात का?" उत्तर 'नाही' आलं की विषय संपला. त्यांचं मुख्य काम धर्मापासून दुरावलेल्या ज्यूंसाठी आहे.

याला आजचं रूप दिलं मेनाखेम मेंडेल श्नीअरसन यांनी. जन्म १९०२, शिक्षण बर्लिन-पॅरिसमध्ये, त्यातही इंजिनिअरिंगचं! नाझींच्या तावडीतून सुटून १९४१ साली न्यूयॉर्कला पोचले आणि १९५१ साली लुबाविच हसिदींचे रेबे, म्हणजे धर्मगुरू, झाले. युरोपातलं सगळं हसिदी जग राख झालेलं. अशा वेळी दार लावून उरलेलं जपावं असंच कुणालाही वाटलं असतं. यांनी मात्र तरुण जोडपी या कामासाठी जगभर पाठवली, तीही बहुधा कायमची. स्वतः मात्र ब्रुकलिन क्वचितच सोडलं.

मला सगळ्यात भिडतो तो त्यांचा रविवार. १९८६ पासून, म्हणजे वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षापासून, ते तासन् तास उभे राहून रांगेतल्या प्रत्येकाला एक डॉलर देत, दानधर्मात घालण्यासाठी. भेट क्षणभराची, पण दोन माणसं भेटली की तिसऱ्याचं भलं व्हावं, ही त्यामागची भावना.

१९९४ साली ते गेले. वारस नेमला गेला नाही, तरी जोडपी जातच राहिली. कुलाब्याच्या नरिमन हाउस या खबाद केंद्रातले गॅव्रिएल आणि रिव्का होल्ट्झबर्ग २००३ साली मुंबईत आले ते असेच. २६/११ला दोघंही मारले गेले. ते केंद्र आजही चालू आहे.